नाव नंतर कळवणार

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत भिंगकाकांनी चौतीस वर्षं काढली. खिशात कायम भिंग, म्हणून हे नाव पडलं. लोकांचे आजे-पणजे त्यांनी धुळीतून उकरून काढले, पण राग मात्र नाकाच्या शेंड्यावर! अर्जात नाव नसलं की, "बिननावाचं शोधायला मी काय ज्योतिषी आहे?" म्हणून समोरच्याला वाटेला लावायचे.

आणि घरात काय? त्यांची स्वतःची आई अनाथाश्रमात वाढलेली. आठ दिवसांची असताना कुणीतरी आणून दिलं, एवढंच आणि त्या दिवसाची तारीख आश्रमाच्या वहीतून ठाऊक. ब्याऐंशीची झाली तरी तिच्या जिवाला एकच घोर, "मी नकोशी होते का रे?" म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी कंबर कसली. जुन्या कचेरीत रोज जाऊन नावांच्या सूच्या पालथ्या घातल्या. दोन वर्षं झाली, आईचं नाव काही सापडेना.

एका सकाळी वैतागून ते तिच्यावरच खेकसले, "तुझी नोंदच नाही कुठे!"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे शहाण्या, नाव मला आश्रमानं दिलं. जन्मले तेव्हा कुठलं आलंय नाव?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. ज्यांना चौतीस वर्षं हाकललं, त्यांच्याच रांगेत आता स्वतः उभे! चहा तसाच टाकून त्यांनी कचेरी गाठली. सूची बाजूला सारली आणि आई आश्रमात आली त्या तारखेच्या आधीच्या आठ-दहा दिवसांतले जन्म ओळ न् ओळ वाचून काढले. अकराव्या पानावर हात थांबला.

दुसऱ्या दिवशी आईला हाताला धरून नेलं, भिंग तिच्या हातात दिलं. मूल: मुलगी. नावाचा रकाना कोरा. खबर देणारी: बाळाची आई. पुढे तिचं नाव आणि वेडीवाकडी सही. शेऱ्यात लिहिलं होतं, 'बाळ आश्रमात दिले. नाव नंतर कळवणार.'

आई ढसाढसा रडली. "का नाही येता आलं, देव जाणे. पण परत यायचं होतं रे तिला!" आणि रडता रडता हसलीसुद्धा. काकांनाही हुंदका आवरेना.

मग डोळे पुसून तिनं टेबलामागच्या कारकुनाला विचारलं, "हा रकाना अजून भरता येतो?"

"येतो की, आजी. नाव कोण कळवणार?"

"मी," आई खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "माझ्या आईचं तेवढं काम राहिलंय. घ्या लिहून."