दोन सायलेन्सरची टॅक्सी

आमच्या भावोजींइतका वेगाचं वेड असलेला माणूस अख्ख्या सुपा तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतकी हळू गाडी चालवणाराही दुसरा झाला नाही. थोरल्या अक्काचे हे यजमान कॅसलरॉक स्टेशनापासून सुप्याच्या बाजारापर्यंत टॅक्सी चालवायचे. गाडी अमेरिकन, आठ सिलिंडरची, समोरून बघितली तर पंगतीला बसलेल्या जाड्या व्याह्यासारखी. खाणीवरचा कुणी साहेब मायदेशी जाताना ती विकून गेला होता. बोटीवर नोकरी करणारा त्यांचा एक गोव्याकडचा मित्र अमेरिकेतली मोटारींची मासिकं आणून द्यायचा. इंग्रजीतले आकडे तेवढे भावोजींना वाचता यायचे, पण मासिक पुढ्यात असल्याशिवाय जेवण जायचं नाही. अक्का आमटी वाढायला वाकली की ओरडायचे, "हळू गं! चारशे घोड्यांचा हाय त्यो, सांडशील त्याच्यावर!"

त्या मित्रानंच त्यांच्या डोक्यात भरवलं, की अमेरिकेत गाडी घेताना डीलरला नुसतं सांगायचं, मला पळणारी पाहिजे. तो दुकानातच असे काही पार्ट चढवून देतो की गाडी रस्त्यावर ठरत नाही. झालं! 'डीलरफिटिंग' हा शब्द भावोजींच्या जिभेवर जो बसला तो बसलाच. जगात जे काही चांगलं, टिकाऊ आणि न परवडणारं, ते सगळं डीलरफिटिंग. शाळेतल्या मास्तरांनी नवी कवळी बसवली, तर भावोजींनी त्यांना तोंड उघडायला लावून चहूबाजूंनी तपासली आणि म्हणाले, "डीलरफिटिंग दिसतंय. मेस्त्रीचं काम न्हवं हे."

आणि एवढं वेड असून गाडी चालायची कशी? आमच्या रानात एक रीत होती. ज्याला बाजाराला जायचं त्यानं आपल्या पायवाटेच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला हिरवी डहाळी रोवायची. म्हणजे माणूस मागं कुठंतरी वाटेवर आहे, थांबा. डहाळी दिसली की भावोजी इंजिन बंद करून विडी पेटवायचे. मग कधीतरी कोंबड्यांचा कलकलाट यायचा, त्यामागून टोपली आणि टोपलीखालून माणूस. एकदा एक जण जेवायला बसला होता, तर भावोजीही आत जाऊन दोन भाकऱ्या खाऊन आले. आम्ही गाडीत उकडत बसलेलो! पण कुणी कधी कुरकुर केली नाही, कारण ज्याची त्याची डहाळी कधी ना कधी रस्त्यावर असायचीच.

अशातच बातमी आली, की दसऱ्यापासून सरकारी बस सुरू होणार. भावोजींची झोप उडाली. टॅक्सीवरच त्यांचा संसार. बसमध्ये बाकडी, वर सामानाला टप, आणि वेळेवर सुटणार म्हणे. "मेव्हणं, आता माझ्या गाडीत कोण बसतंय हो?" असं ते मला विचारायचे, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे. शेवटी त्यांनीच उत्तर काढलं. बसच्या आधी सुप्याला पोचायचं. गाडी घेऊन ते बेळगावला गेले आणि तिथल्या एका डीलरच्या मागं हात धुऊन लागले. बिचारा पंप आणि ट्रॅक्टर विकणारा माणूस, पण त्यानंही मुंबईहून सामान मागवलं. परत आले ते गाडीच्या आधी गाडीचा आवाज घेऊन. दोन कार्बोरेटर, नवा कॅमशाफ्ट, मागं दोन सायलेन्सर. भरपूर हवा मिळावी म्हणून कार्बोरेटरची तोंडं उघडीच ठेवलेली. पळताना गाडी वाघ. फक्त वेग जरा कमी केला की बंद पडायची, आणि मग ढकलल्याशिवाय हलायची नाही. "एवढं चालायचंच," भावोजी म्हणाले, "डीलरफिटिंग हाय."

दसऱ्याच्या सकाळी बस तोरण लावून उभी. इकडे अक्कानं नव्या पार्टांची पूजा मांडलेली. दोन्ही कार्बोरेटरना हळदकुंकू वाहिलं, आणि उघडी तोंडं रिकामी बरी दिसेनात म्हणून एकेक टपोरा झेंडू आत बसवला. भावोजींनी भक्तिभावानं स्टार्टर दाबला. गाडीनं झेंडू गिळला, खोकली, आणि गप्प! पाकळ्या चिमट्यानं वेचून काढेपर्यंत बस सुटून गेली. "बसा मेव्हणं!" भावोजी गरजले. मी बसलो आणि देवाचं नाव घेतलं. त्यानंतर जे झालं ते मी डोळे मिटून बघितलं. नाक्यापुढच्या चढावर आम्ही बसला मागं टाकलं, बसमधल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि सुप्याच्या बाजारात दोन सायलेन्सरचा गडगडाट करत आम्ही पहिले पोचलो. लोक धावत आले. भावोजी ऐटीत उतरले आणि त्यांनी पाहुण्यासाठी उघडावं तसं मागचं दार उघडलं.

आत कुणीच नव्हतं. वाटेतल्या सगळ्या डहाळ्या आम्ही मागं टाकून आलो होतो.

"अय्यो!" एवढंच ते बोलले. गाडी ढकलून घेतली, वळवली आणि उलट निघाले. वाटेत समोरून बस आली. ती डहाळ्यांपाशी थांबलीच नव्हती. तिला काय ठाऊक आमची रीत! नंदिगड्ड्याला लेक दिलेली एक म्हातारी बाजारात लेकीला भेटायची, ती कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन डहाळीशेजारी बसलेली होती. भावोजी मान खाली घालून उतरले. "आज्जी, चुकलं माझं. मी थांबलो न्हाई."

वाटेवरची सगळी माणसं भावोजींना अण्णाच म्हणायची. म्हातारी त्यांनाच समजावायला लागली. "व्हय रे, जाताना बघितलं की मी. म्हटलं, अण्णा काय मला सोडून जातोय? यील वळून."

भावोजींनी टोपली आपल्या हातानं आत ठेवली. त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. गाडी अर्थातच बंद पडली होती. मी ढकलत होतो, आणि म्हातारी आतून मला "जोर लाव की!" म्हणत होती. दुसऱ्याच दिवशी भावोजींनी ते सगळं डीलरफिटिंग काढून जुनं सामान चढवलं. बस बसच्या वेळेवर धावत राहिली, आणि भावोजींची टॅक्सी शेवटपर्यंत कधी रिकामी गेली नाही.

भावोजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढं मीही गाडी घेतली, चांगली पळणारी, कुठं बंद न पडणारी. पण हा पुढं गेला तरी आपल्यासाठी वळून येणारच, अशा भरवशानं माझी वाट बघत बसलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही.