मागे घेतलेला विषय

बुधवारच्या घरसभेत माझ्या नवऱ्याने आमच्या मुलीसाठी प्रार्थना मागितली, तेव्हा मी यवतमाळला वर्तमानपत्राच्या ऑफिसात पुरवणीचं पान लावत होते आणि मुलगी तिथेच मेडिकलच्या परीक्षेच्या क्लासमध्ये होती. दोघींपैकी कोणालाही त्याने विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे, हे त्याच्या मनातच आलं नाही.

घाटंजीत आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. रविवारी उपासना, बुधवारी कोणाच्या तरी घरी सभा. सभेच्या शेवटी पाळक विचारतात, कोणाचे काही विषय? मग एकेक जण सांगतो. कोणाच्या सासूचा गुडघा, कोणाची बदली, कोणाच्या मुलाचं जमत आलेलं लग्न. सगळे डोळे मिटतात, एक जण मोठ्याने प्रार्थना करतो, आणि त्याच संध्याकाळी ते विषय मंडळीच्या फोनवरच्या ग्रुपवर जातात, म्हणजे जे आले नाहीत त्यांनाही प्रार्थना करता यावी. माझा नवरा शाळेत शिक्षक आहे. ग्रुपवर आलं ते असं: मास्तरांच्या मुलीचा परीक्षेच्या वेळी जीव घाबरा होतो, तिला प्रार्थना करता येत नाही, तिच्या मनासाठी सर्वांनी प्रार्थना करावी.

माहिती अचूक होती. त्याआधीच्या रविवारी उपासनेहून परतताना, मोटरसायकलवर मागे बसून, मुलीने त्याला हेच सांगितलं होतं. सराव परीक्षेचा पेपर हातात आला की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, आणि डोळे मिटले तरी प्रार्थनेचे शब्द येत नाहीत, काहीच येत नाही. मला तिने सांगितलं नव्हतं. त्याचं कारण मला माहीत आहे. मी प्रश्न विचारते. कधीपासून, किती वेळा, कोणासमोर. शहर डेस्कवर वर्षानुवर्षं बातमीदारांना हेच विचारत आले, ते घरी आल्यावर सुटत नाही. तिचे वडील काहीही ऐकलं की आधी ‘बरं बेटा’ म्हणतात. त्या ‘बरं बेटा’साठी तिने त्यांना निवडलं होतं.

मुलगी त्या ग्रुपवर नाही. तिला कळलं ते आठवडी बाजारात, मेथी घेताना. मंडळीतल्या एक मावशी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, तिच्यासमोर थांबल्या. हातातली पिशवी खाली ठेवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भाजीवाल्यांच्या मधोमध मोठ्याने प्रार्थना केली. बाई प्रेमळ आहेत. सभेत ऐकलेलं छातीवरचं ओझंही त्यांनी प्रार्थनेत घेतलं आणि सराव परीक्षाही घेतली. मेथीवालीने सुटे पैसे मोजायचे थांबवून हात जोडले.

मुलगी घरी आली आणि पिशवी ओट्यावर ठेवून थेट वडिलांसमोर उभी राहिली.

“पप्पा, तुम्हाले सांगतलं होतं मी. मंडळीले नाही.”

“बेटा, प्रार्थनाच तं मागतली. बदनामी केली काय तुयी?”

“मंग देवाले मागाची ना. देव काय ग्रुपवर आहे काय?”

“तसं नाही बेटा. सगळ्यांनी मिळून मागतलं म्हणजे...”

“सगळ्या घाटंजीले माहीत झालं. उद्या एस.टी.चा कंडक्टरही डोक्यावर हात ठेवन.”

तो हसला. हसायची ती वेळ नव्हती. ती आत निघून गेली.

त्याची बाजू अशी आहे. तो महागावचा. लहानपणी काविळीने तो हाती लागेल की नाही अशी स्थिती होती, तेव्हा तिथल्या मोजक्या ख्रिस्ती घरांनी उपास धरून त्याच्यासाठी प्रार्थना केली. मी औषधाने वाचलो आणि प्रार्थनेने वाचलो, कशाने किती ते विचारू नका, असं तो आजही सांगतो. मुलाचं दुखणं घरातल्या घरात ठेवणं म्हणजे त्याच्या वाट्याची मदत अडवून धरणं, असं त्याला मनापासून वाटतं. मला त्याचं पटत होतं आणि मुलीचंही पटत होतं. त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

आमच्याकडे रोज संध्याकाळी जेवणाआधी चटई अंथरून कौटुंबिक प्रार्थना होते. लहानापासून सुरुवात: मुलगी, मग मी, मग नवरा. दिवसभर आम्ही वऱ्हाडी बोलतो, डोळे मिटले की तिघेही पुस्तकातलं मराठी बोलायला लागतो. बाजाराच्या त्या दिवसापासून मुलीची पाळी आली की चटईवर नुसता पंख्याचा आवाज राहायचा. ती उठून जात नसे. डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसे. नवरा थांबायचा, बराच थांबायचा, मग मी सुरू करायची. एस.टी.चा जाता-येता तासाभराचा प्रवास आणि मधला ऑफिसचा दिवस यांनंतर माझी प्रार्थना बहुतेक वेळा कामांची उजळणी असते, आणि नवऱ्याच्या लांब प्रार्थनेत मला डुलकी लागते. हे मी लपवत नाही. देवाला दिसतं आणि नवऱ्याला ऐकू येतं.

ती प्रार्थना करत नाही याची भीती नवऱ्याला होती. विश्वासात वाढवलेलं मूल हातातून सुटतंय, असं तो म्हणायचा. माझी भीती वेगळी होती. परीक्षा आणि निकालांच्या दिवसांत तालुक्यांतून चार-चार ओळींच्या बातम्या येतात. मी त्या कित्येक वर्षं संपादित केल्या आहेत. वय, गाव, पोलिसांचं एक वाक्य. आईवडिलांचं वाक्यही जवळपास ठरलेलं असे: घरी काही बोलली नाही. पुरवणीवर बदली झाल्यापासून त्या बातम्या माझ्या टेबलावर येत नाहीत, पण ते वाक्य डोक्यातून गेलेलं नाही. मुलीने प्रार्थना करावी असं मलाही वाटत होतं. त्याआधी तिने घरात बोलावं, एवढंच मला हवं होतं.

मी तिला यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, श्वासाचा एक व्यायाम शिकवला, काही दिवसांनी परत या म्हणाले. मग तिला विचारलं, “घरी कोणाशी बोलतेस?”

“आधी बोलायची,” ती म्हणाली. मी शेजारीच बसले होते.

शेजारच्या काकूंपर्यंतही बातमी पोचली होती. त्यांची कापसाची आणि तुरीची शेती आहे, आणि त्यांची-आमची मधली भिंत कंबरेएवढी आहे. मी कपडे वाळत घालत असताना त्या भिंतीशी आल्या.

“काहो, पोरीले काय झालं म्हणे?”

“काही नाही काकू. अभ्यासाचा ताण.”

“मीठ-मिरच्या उतरवून टाकू काय? का तुमच्यात चालत नाही?”

“आमच्यात डोक्यावर हात ठेवतात.”

“मंग आमचंच बरं बाप्पा. मिरची जळते तं जळते, गावभर बोंब तं नाही मारत.”

आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मी खिडकीत पाहिलं तोवर थांबला होता.

डॉक्टरांचा प्रश्न आणि तिचं उत्तर मी नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या सभेला माझी सुटी होती म्हणून मीही गेले. पाळकांनी विषय विचारले तेव्हा तो उभा राहिला. विषय सांगायला कोणी उभं राहत नाही.

“मी मुलीचा विषय दिला होता,” तो म्हणाला. “तो तिले न विचारता दिला. तो मागे घेतो.”

दिलेला विषय संपायची एकच रीत आहे. प्रार्थना ऐकली गेली की माणूस उभा राहून साक्ष देतो आणि सगळे स्तुती करतात. तोवर तो विषय दर आठवड्याला घेतला जातो. वर्तमानपत्रात झालेल्या चुकीबद्दल खुलासा छापायला पानाच्या तळाशी का होईना, जागा असते. मंडळीत तशी जागा नाही.

“विषय मागे कसा घेता, मास्तर?” मावशी म्हणाल्या. “देवापुढं गेला तो.”

“देवापुढं राहू द्या, मावशी. ग्रुपवरून काढा.”

“म्हणजे पोरगी बरी झाली?”

“नाही.”

“मंग?”

“मंग काही नाही. भेटली तं कशी आहेस, एवढं विचारा. डोक्यावर हात नका ठेवू.”

“हा हात अर्ध्या तालुक्याच्या डोक्यावर ठेवला मी,” मावशी म्हणाल्या आणि शाल सारखी करून दुसरीकडे बघत बसल्या. पाळक तरुण आहेत. ते पुढच्या विषयाकडे वळले.

ग्रुपवरचा मजकूर त्या संध्याकाळी काढला गेला. त्या जागी मेसेज हटवल्याची खूण उरली. तिच्याखाली काही जणांनी काय होतं म्हणून विचारलं आणि एकाने हात जोडले.

परतताना नवरा गाडी हळू चालवत होता. “मंडळी नसती तं मी जिवंत नसतो,” तो म्हणाला. “अन् आता पोरीले मंडळीपासून झाकून ठेवून राह्यलो.” माझी पाठ दुखत होती. घरी जाऊन भाकरी टाकायच्या होत्या.

मुलीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. मीही नाही. ते तिला मावशींनीच सांगितलं, यवतमाळच्या बसस्थानकावर. काही दिवसांनी परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून ती मला म्हणाली, “मावशी भेटल्या. दोन्ही हात मागं धरून उभ्या होत्या. म्हणे, तुया बापानं मले मनाई केली.”

“मग?”

“मंग काय. कशी आहेस, विचारलं. मी म्हटलं, ठीक.” बस पुढच्या थांब्यावर रिकामी होऊन पुन्हा भरली. मग म्हणाली, “मम्मी, एक सांगू? प्रश्न विचाराचे नाही.”

“नाही विचारत.”

“अन् प्रार्थनेत घ्याचं नाही.”

“मनात घेतलं तं?”

तिने विचार केला. “मनात चालते. लांबलचक नको.”

आज सराव परीक्षेतून ती मधेच उठून बाहेर आली होती. घंटा होईपर्यंत पाण्याच्या टाकीजवळ पायरीवर बसून होती. यंदा मेडिकलची परीक्षा तिला द्यायची नाही. पुढे काय करायचं ते तिला माहीत नाही. हे तिने सरळ सांगितलं, मधे न थांबता.

माझ्याकडे प्रश्न तयार होते. सरांनी पाहिलं का, क्लासचं काय करायचं, एक वर्ष थांबायचं का, मग वर्षभर काय. मी ते ठेवून दिले. एक तरीही निसटला. “पाणी तं पेली का?”

“हा प्रश्न झाला.”

“हो.”

“पेली.” मग म्हणाली, “पप्पाले तू सांगू नको. मी सांगीन. कधी ते माहीत नाही.”

त्या संध्याकाळी चटईवर तिची पाळी आली आणि ती गप्प राहिली. नवरा थांबला. मी सुरू केलं आणि लवकर संपवलं. नवऱ्याने मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेतली, पाऊसपाण्याचं मागितलं, मग ‘आमच्या मुलीसाठी’ म्हणाला आणि पुढे काही न बोलता बराच वेळ तसाच बसला. शेवटी आमेन म्हणाला. मी जागी होते.

मी उठले. तोही गुडघ्यावर हात ठेवून अर्धा उठला होता.

“पप्पा, थांबा जरा,” मुलगी म्हणाली.

तो परत खाली बसला. मी स्वयंपाकघरात गेले. तिथे पोचेपर्यंत तो ‘बरं बेटा’ म्हणाल्याचं मला ऐकू आलं नाही, आणि कान देऊन ऐकायची माझी सवय मला माहीत आहे. शेंगदाण्याची चटणी वाटायची होती. मी मिक्सर लावला. चटणी वाटून झाली तरी तो थोडा वेळ चालूच ठेवला.