गॅरेजला गेलेली गाडी

नवी गाडी दारात आली तेव्हा तिच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. नारळ फुटला, बायकोने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, गल्ली जमली. मी ऐटीत आत बसलो, किल्ली फिरवली आणि जी गाडी चार पावलं पुढे घ्यायची ती मागे घेतली. लिंबं फुटली, त्यांच्या जोडीने शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांबही फुटला.

"पाय उचल! अबे मास्तर, पाय उचल ना बे!"

खांब ज्यांचा, तेच ओरडत धावत आले. अंगात बनियन, अर्ध्या गालावर दाढीचा साबण. मला वाटलं, आता खांबावरून माझा उद्धार होणार. पण त्यांनी खांबाकडे पाहिलंही नाही. माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "सरक." त्या कोऱ्या करकरीत गाडीत, सगळ्या गल्लीदेखत, मी गिअरच्या दांड्यावरून धडपडत पलीकडे सरकलो. त्यांनी चपला काढल्या, रस्त्यावर जोडीने नीट ठेवल्या, अनवाणी आत बसले आणि गाडी अशी अलगद पुढे काढली की बोनेटवरचं नारळाचं अर्धुकही जागचं हललं नाही.

"काका, तुमचा खांब..."

"खांब उद्या उभा राह्यते. क्लच जाळला असता तं?"

असे आमचे शेजारचे काका. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, रागावल्याशिवाय ज्याला बोलताच येत नाही असा. एका सरकारी खात्यात जन्मभर जीप चालवून ते निवृत्त झाले होते. जिल्ह्यातला एकही रस्ता त्यांनी सोडला नव्हता, आणि स्वतःची म्हणून एक सायकल सोडली तर काही घेतलं नव्हतं. जीपमध्ये मागे बसणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "साहेब लोकाइले रस्ता दिसतच नाही. मागं बसून घोरतेत, अन् उतरताना इचारतेत, आलं काय?" साहेब हा शब्द ते दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारायचे.

माझं म्हणाल तर मी हायस्कुलात गणित शिकवतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी किती वेळात कुठे पोचेल, या प्रश्नावर मी खामगावातल्या निम्म्या पोरांना घाम फोडला आहे. स्वतःला मात्र दुचाकीपलीकडे काही येत नव्हतं. मेहुण्याने मोठी गाडी घेतली म्हणून मीही घेतली, आणि नुसती मोठी नव्हे, चारही चाकांना जोर लागणारी, डोंगर चढणारी. का घेतली, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "भाजी आणायला बरी पडते."

"एवढी जबर गाडी," काका त्या दिवशी म्हणाले, "अन् मंडईत उभी करतं? लाज नाही वाटत? रविवारी सात वाजता तयार राह्य."

तेव्हापासून तीन वर्षं, दर रविवारी सकाळी सातला, इस्त्रीचा शर्ट आणि खांद्यावर पिवळं फडकं टाकून काका फाटकात उभे.

निघायच्या आधी ते माझ्याही चपला काढायला लावत. "पायाले रस्ता कळला पायजे." मग एसी बंद, गाणी बंद, काचा खाली. "ऐक. गाडी काय म्हनून राह्यली ते ऐक."

"काय म्हणतेय?"

"हा मले मारून राह्यला म्हनते. गिअर बदल ना बे!"

बोथ्याच्या घाटात मी शिकलो. दोन्ही बाजूंनी साग, मध्ये रस्ता, आणि समोरून कोण येतंय ते वळण संपेपर्यंत दिसत नाही. मी वळणात शिरायचो आणि घाबरून ब्रेक दाबायचो. काका डॅशबोर्डवर थापा मारायचे. "वळनाच्या आधी हळू हो, वळनात नाही! वळनात तिले जाऊ दे. तिले येते. तुले येत नाही, पन तिले येते!"

एका रविवारी ते जमलं. वळणाआधी मी वेग उतरवला, दुसरा गिअर टाकला आणि गाडीला तिच्या मनासारखं जाऊ दिलं. तिने तो चढ असा घेतला, जशी पाण्यातली म्हैस खांदा किंचित कलवून सरळ काठावर येते. इंजिनचा आवाज एका सुरात, तळपायाखाली थरथर, खिडकीतून सागाच्या पानांचा वास. पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या, चष्मेवाल्या माणसाला एवढा आनंद व्हावा हे जरा लाजिरवाणंच. पण झाला.

"दात कायले काढून राह्यला?" काका खेकसले. "समोर पाह्य." मी समोर पाहिलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, तेही हसत होते.

परतीच्या वाटेवर गाडी त्यांच्याकडे असायची. पिंपळगाव राजाकडच्या शेतरस्त्यांवर ते ती अशी चालवत की मी बोलायचं विसरून जायचो. श्रावणात एकदा नाल्याला पाणी आलं होतं. त्यांनी गाडी काठावर उभी केली, पँट मांडीपर्यंत दुमडली आणि स्वतः पाण्यात उतरले. पायाने तळ चाचपत पलीकडे गेले, परत आले, फडक्याने पाय पुसले. "डाव्या अंगानं दगड हाय. चाल." मग गाडी पाण्यातून न थांबता, न घाई करता पार. मागून एक पोरगेला इसम त्याच्या चकचकीत गाडीतून हॉर्न वाजवत आला आणि नाल्याच्या मधोमध अडकला. काकांनी त्याला दोर लावून बाहेर काढलं, आणि काढताना जे बोलले ते मी इथे लिहू शकत नाही. शिक्षक आहे मी.

तिसऱ्या वर्षाच्या दसऱ्यानंतर ते परतीलाही मलाच बसवू लागले. "तूच ने." मी फुशारलो. बायकोला म्हणालो, "काकांनी पास केलं मला." बायको म्हणाली, "हाव, दिसून राह्यलं." तिच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. ते देत नाही मी, ही घरातली जुनी तक्रार आहे.

थंडीत एके दिवशी त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. माझाच विद्यार्थी. "सर, बाबांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे. डावाही कमी झालाय. तुम्ही त्यांना गाडी देता असं कळलं. प्लीज देऊ नका. आणि मी सांगितलं असं सांगू नका, चिडतील. काळजी वाटते हो."

मी म्हणालो, "अरे, काही काळजी करू नको." या काळजी शब्दाचा मला आता राग येतो. एका माणसाचं जगणं दोन माणसांनी फोनवर परस्पर आवरून ठेवायचं आणि त्याला काळजी म्हणायचं!

बायको म्हणाली, "सरळ सांगा त्याइले. चिडतीन, मंग उतरते राग."

"तू नको पडू यात," मी म्हणालो. "मी करतो बरोबर."

बरोबर म्हणजे काय केलं ऐका. शनिवारीच गाडी मेहुण्याच्या गोदामात नेऊन ठेवली आणि रविवारी सातला फाटकात काका दिसले तेव्हा म्हणालो, "काका, गाडी गॅरेजले गेली."

"काय झालं तिले?"

"आवाज येऊन राह्यला होता."

"कोनता आवाज? बारीक का जाड? गिअर टाकताना का सोडताना?"

"...जाड."

ते चिंतेत पडले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. मी म्हणालो, सामान आलं नाही अकोल्याहून. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणालो, मिस्त्री गावाला गेलाय. काकांनी फडकं खांद्यावरून काढून त्याची घडी केली, परत खांद्यावर टाकलं आणि घरात गेले.

आता मला सांगा, जन्मभर जीप चालवलेल्या माणसाला गॅरेजची थाप मारणारा मूर्ख या जिल्ह्यात दुसरा कोण असेल? डॉक्टरला कुणी खोटी पोटदुखी सांगतं का? खामगावातला प्रत्येक मिस्त्री काकांच्या हाताखालून गेलेला. ते घरातून निघाले ते थेट गॅरेजवर, माझ्या गाडीला तीन आठवडे लावतो म्हणून मिस्त्रीला झापायला. भरपूर झापलं. मिस्त्री गावाला गेलेलाच नव्हता. तो बिचारा ग्रीसचे हात तसेच धरून उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "काका, मास्तरची गाडी तं इकडं आलीच नाही. त्याच्या मेहुण्याच्या गोदामात उभी पाह्यली म्या."

त्याच सकाळी मी बायकोला घेऊन गोदामातून गाडी काढली होती आणि तिच्या माहेरी, पिंपळगावला जाऊन आलो होतो. रस्ता मोकळा, दोन्हीकडे हरभरा, हवेत गारवा. मी अनवाणी चालवत होतो. इतकी छान चालली गाडी, की गोदामाच्या दाराशी वळेपर्यंत मी शीळ घालत होतो.

दाराशी काका उभे होते.

मी गाडी थांबवली. ते जवळ आले. बोनेटवर तळहात ठेवला. वाकले, टायरच्या खाचेतून बोटाने माती काढली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, चोळली.

"काळी माती. पिंपळगाव. चढावर तिसऱ्यातच रेटली, क्लचचा वास येऊन राह्यला." मग सरळ उभे राहिले. "दुरुस्त झाली वाट्टे गाडी, साहेब?"

बाजूला बायको. मी खाली उतरलो. अनवाणीच.

"काका, तुमच्या डोळ्याचं कळलं. मले वाटलं—"

"कोनाले वाटलं? पोट्ट्यानं फोन केला ना पुन्याहून?" आता आवाज चढला. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "मले दिसत नाही हे मले पुन्याहून कळन काय? माहे डोळे हायेत! दसऱ्यापासून म्या हात लावला काय तुह्या स्टेअरिंगले? सांग! गनित शिकवतं ना? मोज!"

मी मोजलं. दसरा, दिवाळी, मार्गशीर्ष. एकदाही नाही. पास केलं, पास केलं म्हणून मी नाचत होतो आणि शेजारच्या सीटवर तो माणूस आपल्या हाताने आपलं चालवणं बंद करून बसला होता. कुणाला सांगितलं नाही, बोभाटा केला नाही.

"घाटात उजव्या अंगानं आलेली मोटरसायकल दिसली नाही मले," ते म्हणाले. "तू वरडला, म्हनून वाचला तो. त्याच दिवशी सोडली म्या. बाजूनं बसून नुसता आवाज ऐकत होतो. तेवढंच तं होतं. तेवढ्याले बी तुमी..."

त्यांनी फडकं काढलं आणि बोनेटवर जिथे हात टेकला होता तिथला पंजाचा ठसा पुसून टाकला. "चांगली गाडी हाय. सांभाळा, साहेब."

आणि चालत गेले. मी म्हणालो, "काका, बसा ना, घरी सोडतो." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. गावातून तीन किलोमीटर चालत गेले, एका डोळ्याने, रहदारीतून. काळजी वाटणारे आम्ही दोघं. एक पुण्यात, एक गोदामाच्या दारात.

पंधरा दिवसांनी मुलगा न्यायला आला. गल्ली निरोपाला जमली. काका सगळ्यांशी बोलले. कुणाच्या दुचाकीची चेन सैल होती, त्याला झापलं. मुलाला म्हणाले, "टायरमध्ये हवा कमी हाय, आंधळा हायेस काय?" माझ्यापाशी आले, हात जोडले, म्हणाले, "येतो." तीन वर्षं दर रविवारी या माणसाने माझी अक्कल काढली होती. त्या दिवशी मला एक साधी शिवी दिली असती तर मी रडलो असतो.

परवा फोन लावला. दोन दिवस माफीचं वाक्य घोकत होतो.

"हं, बोला साहेब."

"काका... कशी काय तब्येत? थंडी हाय काय तिकडं?"

"बरी हाय, साहेब. थंडी बी बरी हाय."

"पाऊस-बिऊस?"

"माघात कुठचा पाऊस, साहेब? ठेवतो." आणि ठेवला.

मी भडकलो. मोबाइल दिवाणावर आपटला. मुलाला बोललो, पुण्याला बोललो, काकांनाही बोललो. एवढा कसला माणसाला अहंकार, मी काय गुन्हा केला, जीव वाचावा म्हणूनच केलं ना! बरंच बोललो. गाडी विकून टाकतो, असंही म्हणालो. बायको मेथी निवडत बसली होती. माझं बोलून झाल्यावर तिने देठं सुपात एका बाजूला सारली, दिवाणावरचा फोन उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"परत लावा," ती म्हणाली. "अन् या बारीनं हवापान्याचं इचारू नका."