कानातून आलेला खोकला

"मॅडम, हे मशीन वापस घ्या," सुषमाने डबी माझ्या टेबलावर ठेवली. "यानं बाबांले खोकला होऊन राहिला."

मी ऑडिओलॉजिस्ट. नंदनवन भागात माझं क्लिनिक आहे. लोकांचं ऐकणं तपासते, ऐकायचं मशीन बसवते. मशीन शिट्टी मारतं, घामाने बंद पडतं, कुत्र्याने चावलं, सगळ्या तक्रारी ऐकून झाल्यात. खोकल्याची ही पहिलीच.

बाबा म्हणजे सुषमाचे सासरे, जवळच्या बेसा गावचे रामदासजी. ते समोर बसले होते. सुषमाच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. या नातीचा आवाज ऐकायचा म्हणून रामदासजींनी हट्टाने मशीन घेतलं होतं. पण मशीन घातलं की खोकला सुरू, आणि खोकणाऱ्या माणसाच्या हातात तान्हं मूल कोण देणार? मशीन काढलं की खोकला थांबायचा, नात मिळायची. मग तिचं रडणं मात्र ऐकू यायचं नाही.

"छातीच्या डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं ना. एक्स-रे साफ आहे," रामदासजींचा मुलगा सचिन म्हणाला. "तिथं एकदाही खोकलले नाही. घरी आले का सुरू. मले तर वाटते, नाटक करून राहिले."

रामदासजींना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "डॉक्टरकडे मशीन घातलं होतं का?"

"काहून घालू? एक्स-रेनं बिघडलं म्हणजे? खिशात ठेवलं होतं."

खोकला आणणारी वस्तू खिशात, आणि तपासणी छातीची. एक्स-रे साफच येणार.

मी ऑटोस्कोप घेतला. कानात बघायची बॅटरीच ती. तिचं टोक कानाच्या नळीत मागच्या बाजूला टेकलं आणि रामदासजी खोकलले. काढलं, थांबले. पुन्हा टेकवलं, पुन्हा खोकलले. सचिनने मोबाइल बाजूला ठेवला.

"नाटक नाही हे," मी म्हटलं. मेंदूतून निघून घसा, छाती, पोटापर्यंत जाणारी एक लांब नस असते, व्हेगस. तिची एक बारीक फांदी कानाच्या नळीत येते. काही थोड्या लोकांत तिथे स्पर्श झाला की मेंदूला वाटतं, घशातच काहीतरी अडकलं. बेल शेजाऱ्यांची वाजते आणि दार आपण उघडतो, तसं.

मशीनच्या कानात बसणाऱ्या भागाला मोल्ड म्हणतात. रामदासजींचा मोल्ड मापात होता, पण टोक नेमकं त्या जागी टेकत होतं. मी ते घासून आखूड केलं, पॉलिश केलं, कानात बसवलं. आम्ही सगळे त्यांच्या घशाकडे बघत बसलो.

कोणीतरी खोकललं. तो सचिन होता.

सुषमाने आणखी थोडी वाट पाहिली. मग मुलगी सासऱ्यांच्या मांडीवर दिली. मुलीने लगेच भोकाड पसरलं. सुषमा तिला घ्यायला वाकली, तर रामदासजींनी हात आडवा केला.

"राहू दे वं. ऐकू दे मले."

मला भरून आलं, पण क्लिनिकमध्ये मी रडत नाही. मुलगी फारच मोठ्याने रडत होती, म्हणून मी मशीनचा आवाज थोडा कमी केला. रामदासजींनी तो परत वाढवायला लावला.

तेव्हापासून मशीन देण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, कान कोरताना खोकला येतो का? लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. क्वचित एखादा मात्र दचकून विचारतो, "तुम्हाले कसं माहीत?"