हिरवळ समितीचे पाच डेमो

समितीवर माणूस एकदा गेला की त्याच्याजवळ किस्से आपोआप साठत जातात. फ्रिजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात ना, तसे. कुणी मुद्दाम जमवत नाही आणि कुणी फेकूनही देत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या हिरवळ समितीवर मी दीड वर्ष होते. तिथले किस्से मी लग्नात सांगितलेत, बारशाला सांगितलेत, मेट्रोतसुद्धा सांगितलेत, आणि लोक पोट धरून हसलेत. पण सगळे नाही सांगितले. जे ठेवले ते लाज वाटते म्हणून ठेवले. आज ओळीने सगळेच सांगते. मग मला काय म्हणायचं ते म्हणा!

* * *

गुरुग्रामच्या पुढे, सोहना रोडवरून आत वळलं की मंडळाची सहा एकर जागा आहे. एक हॉल, दोन स्वच्छतागृहं, आणि बाकी सगळं लॉन. हे लॉन एकोणीस वर्षं रामअवतार कापतोय. तो उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातला. गेटजवळच्या खोलीत बायको आणि मुलीबरोबर राहतो. सहा एकर गवत ढकलायच्या मशीनने कापायचं म्हणजे एका टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा वाढलेलं असतं. कोजागिरीला कुणाच्या तरी सुनेची चप्पल गवतात हरवली आणि मीटिंग बसली.

समितीत तिघं. अध्यक्ष भागवतसाहेब, केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त. शकील इनामदार, मूळ साताऱ्याचे, मानेसरला कारखान्यात इंजिनिअर. आणि सचिव मी, साठेबाई, शाळेत व्हाइस प्रिन्सिपल होते त्यामुळे मिनिट्स लिहायला आयतीच सापडले.

इनामदारांनी मोबाइलवर त्यांच्या अमेरिकेतल्या मेव्हण्याचा व्हिडिओ दाखवला. मेव्हणा झीरो-टर्न मशीनवर बसून गवत कापतोय. स्टिअरिंग नाहीच, नुसते दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की मशीन पुढे, एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन वळतं. मेव्हण्याच्या मांडीवर सरबताचा ग्लास, आणि त्यातला थेंब सांडत नाही!

भागवतसाहेबांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि म्हणाले, "आपल्याला हेच हवं. लिहा, साठेबाई."

मी लिहिलं. त्याच बैठकीत पुढचा ठरावही लिहिला. मशीन आलं की महिन्यातून दोनदा कंत्राटी ड्रायव्हर येईल, त्यामुळे पूर्णवेळ माळी नको. आणि मशीन ठेवायला पक्की जागा हवी. गेटजवळची खोली मुळात जनरेटरसाठी बांधलेली, तिला दोन झडपांचं रुंद दार आहे, तेव्हा ती रिकामी करून घ्यावी. रामअवतारला योग्य वेळी सचिवांनी सांगावं.

हे सगळं चाललेलं असताना रामअवतार आम्हाला चहा देत होता. आम्ही मराठीतून बोलत होतो, त्यामुळे कुणी आवाजसुद्धा खाली केला नाही.

* * *

पहिला डेमो घेऊन आले ते फरिदाबादचे डीलर, चोप्रा नावाचे, पन्नाशी उलटलेले, फार अदबशीर गृहस्थ. भाड्याच्या टेम्पोतून मशीन आणलं, फळ्या लावून उतरवलं. म्हणाले, पहले मैं चलाके दिखाता हूँ. भागवतसाहेब तोवर सीटवर बसलेसुद्धा.

त्यांनी उजवा दांडा पुढे ढकलला आणि डावा मागे ओढला. झालं! साहेब जागच्या जागी फिरायला लागले. चोप्रा ओरडत होते, "सर, छोड़ दीजिए, दोनों छोड़ दीजिए!" सोडलं की थांबतं, इतकं सोपं. पण भागवतसाहेबांनी उभ्या आयुष्यात हातात धरलेलं काही सोडलेलं नाही. खात्यात त्यांच्या टेबलावर गेलेली फाइल परत आल्याचं कुणाला आठवत नाही, असं म्हणतात. त्यांनी उलट आणखी घट्ट धरलं.

सात-आठ गिरक्या झाल्या, मग स्वारी थेट कर्दळीच्या वाफ्यात. रामअवतारने त्यांना धरून उतरवलं, पाणी दिलं, आणि संध्याकाळपर्यंत कर्दळ पुन्हा लावून टाकली. साहेबांनी मला शेरा लिहायला सांगितला, "मशीन आज्ञाधारक वाटले नाही." मी तसाच लिहिला.

हा किस्सा मी लग्नात सांगते.

* * *

हा मात्र सांगत नाही.

तिसरा डेमो झाल्यावर इनामदारांच्या लक्षात आलं की तीन कंपन्यांनी तीन कोपरे कापून दिले आणि अर्ध्याहून जास्त लॉन फुकटात साफ झालं. ते नुसतं गंमत म्हणून बोलले. भागवतसाहेबांनी मात्र ते मनावर घेतलं. दिवाळीच्या पाडव्याचा कार्यक्रम तोंडावर आला होता. ते म्हणाले, चोप्रांचं मशीन पुन्हा नीट बघायला हवं, त्या दिवशी माझं लक्ष विचलित झालं होतं. फोन मी केला. चौथा डेमो, तोही न कापलेल्या बाजूला.

चोप्रा आले. पुन्हा भाड्याचा टेम्पो, पुन्हा त्या फळ्या. दोन तास मशीन चालवलं. सगळं स्वच्छ केलं, कडासुद्धा. मग रुमालाने मान पुसत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मैडम, फंक्शन कब है आपका?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भागवतसाहेब शेजारीच होते, ते मला मराठीत म्हणाले, "याला कळलं वाटतं." चोप्रांनी चहा घेतला नाही. मी दोनदा म्हटलं, तरी नाही घेतला.

* * *

मराठीचं म्हणाल तर दिल्लीतल्या मराठी माणसांना ही एक घाणेरडी सवय आहे, आणि मी त्यात पहिली. भाजीवाल्यासमोर, रिक्षावाल्यासमोर, डॉक्टरसमोरसुद्धा आम्ही बिनधास्त मराठीत बोलतो. दुकानात साडीवाल्याच्या तोंडावर "लुटतोय हा" म्हणायचं आणि लगेच गोड हसून "भैया, थोड़ा और दिखाइए." चाळीस वर्षं चाललंय हे.

एका रविवारी भागवतसाहेब नातवाला घेऊन लॉनवर आले होते. नातू आठ वर्षांचा, जन्म इथलाच, मराठी बोलतो पण जरा वेगळा शब्द आला की अडतो. साहेब त्याला म्हणाले, कुंपणाच्या पलीकडे जायचं नाही. त्याने विचारलं, "आजोबा, कुंपण क्या होता है?"

साहेबांना पटकन सुचेना. मलाही सुचेना, कधी कधी होतं तसं. रामअवतार बाजूला खुरपत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "बाड़, बेटा. फेंस."

आम्ही कौतुकाने हसलो. वा रामअवतार, वगैरे. भागवतसाहेबांनी टाळीसुद्धा वाजवली. नातू पळाला खेळायला.

परतताना इनामदार मला नेहमी गाडीतून मेट्रो स्टेशनपर्यंत सोडतात. अर्ध्या वाटेत एकदम माझ्या लक्षात आलं. एकोणीस वर्षं हा माणूस आमच्या नाटकांच्या तालमी ऐकतोय, आरत्या ऐकतोय, आमची भांडणं ऐकतोय. मी म्हटलं, "इनामदार, त्याला सगळं कळतं."

इनामदार सिग्नल सुटला तरी गाडी काढेनात. मागून हॉर्न वाजायला लागले. मग म्हणाले, "ताई, म्हणजे खोलीचंही कळलंय."

ठराव होऊन तेव्हा चार महिने झाले होते. चार महिने तो आम्हाला चहा आणून देत होता, आणि भागवतसाहेबांना बिनसाखरेचा लागतो हे एकदाही विसरला नव्हता.

* * *

भागवतसाहेबांना यातलं काही सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. का, ते विचारू नका. भित्रेपणा, दुसरं काय!

त्यानंतर मीटिंगमध्ये भलतीच पंचाईत झाली. रामअवतार चहा घेऊन आला की इनामदार घाईघाईने इंग्रजीत शिरायचे. मशीनच्या पात्यांवर बोलता बोलता एकदम "द ब्लेड स्पीड इज अ क्रिटिकल पॅरामीटर!" भागवतसाहेब म्हणाले, "अहो, मराठी मंडळ आहे हे. मराठीत बोला." आणि मग स्वतः मराठीत, खणखणीत आवाजात, "तो माळी अजून कसा इथेच? साठेबाई, तुम्ही सांगितलंत की नाही?"

रामअवतार कप गोळा करत होता. मी मिनिट्सच्या वहीत डोकं घातलं.

* * *

सांगायला गेले होते मी, अगदीच गेले नाही असं नाही. एका मंगळवारी एकटी गेले, बेसनाचे लाडू घेऊन. म्हणजे घर सोडा म्हणायला जायचं आणि वर लाडू न्यायचे! कसली अक्कल माझी.

रामअवतारची बायको कमला हिने खुर्ची पुसून दिली. खोलीत एक पलंग, एक कूलर, भिंतीवर मुलीचं टाइमटेबल, स्केचपेनने रंगवलेलं. मुलगी यंदा बारावीला, इथल्याच सरकारी शाळेत. ती पुस्तक घेऊन बाहेर गेली, मला जागा व्हावी म्हणून.

मुलीने सायन्स घेतलंय का, मी विचारलं. बायोलॉजी कशी चाललीय विचारलं. तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर जे विचारता येतं ते सगळं विचारून झालं. रामअवतार उभाच होता. शेवटी त्यानेच हिंदीत विचारलं, "मशीन कब तक आ जाएगी, मैडमजी?"

मी म्हटलं, "देखते हैं. अभी कुछ पक्का नहीं है."

ठराव माझ्याच हातचा, सही माझीच, आणि मी म्हणते कुछ पक्का नहीं! त्यालाही माहीत, मलाही माहीत, आणि त्याला माहीत आहे हेही मला माहीत. त्याने मान हलवली. निघताना कमलाने पिशवीभर लिंबं दिली, मंडळाच्या झाडाची नव्हे, तिने दारात लावलेल्या झाडाची. मी ती घेऊन आले. लोणचं घातलं, पण मला एक फोड तोंडात घालवली नाही. यजमानांनी संपवलं.

* * *

पाचवा डेमो शेवटचा. दोन मशीन्स राहिली होती, दोन्ही लॉनवर शेजारी शेजारी उभी केली. एक मोठं, रुंद पात्याचं, सहा एकर सकाळच्या सकाळी उरकणारं. दुसरं लहान, त्याला दिवस लागला असता. भागवतसाहेबांना मोठं हवं होतं. इनामदारांचं म्हणणं, मोठं मशीन जांभळांच्या मधून वळणार नाही आणि ओल्या जमिनीत रुतेल. खुर्च्या टाकून तासभर हेच चाललं. डीलरची माणसं सावलीत बसून जांभया देत होती. मी दोन्ही बाजू लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, हे असंच चालू दे, रामअवतारच्या मुलीची परीक्षा होईपर्यंत चालू दे.

रामअवतार चहा घेऊन आला. इनामदार लगेच इंग्रजीत गेले. साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"ते राहू द्या. आधी मला सांगा, आज मशीन ठरलं तर ठेवायचं कुठे? साठेबाई, मी कधीपासून सांगतोय, ह्याला खोली रिकामी करायला सांगा म्हणून. एवढं एक काम होत नाही तुमच्याने?"

रामअवतार त्यांच्या हातात कप देत होता. बिनसाखरेचा. मला बोलायला हवं होतं. निदान त्या वेळी तरी. इनामदार गवताकडे बघत होते, मी वहीकडे.

रामअवतारने ट्रे खाली ठेवला. खिशातून सुतळी काढली, तिला मधे एक गाठ मारलेली होती. तो मोठ्या मशीनजवळ गेला, सुतळी आडवी धरली. मग लहान मशीनजवळ गेला, तशीच धरली. सुतळी गुंडाळून खिशात ठेवली आणि परत येऊन भागवतसाहेबांसमोर उभा राहिला. एकोणीस वर्षांत तो आमच्याशी मराठीत पहिल्यांदाच बोलला, अगदी स्वच्छ, आमच्यासारखंच.

"लहान घ्या, साहेब. मोठं मशीन आमच्या दारातून आत जात नाही. मी मोजलंय."