वीस वर्षांची गादी

काटेमावशींचा धाकटा भाऊ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट माणसाचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देता येतं. हा बिचारा मनापासून काळजीने बोलला, म्हणून ते जास्त झोंबलं.

तो म्हणाला, "ताई, वीस वर्षं टिकणारी गादी तुला कशाला हवीय? पाच-सहा वर्षं निघाली की झालं. उगाच पैसे कशाला घालवतेस?"

मावशी तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. म्हणजे पंचाहत्तरीला दुकान बंद, असा भावाचा अंदाज होता आणि तो अंदाज सांगून त्याने शांतपणे चहात बिस्कीट बुडवलं. समोर मावशींची मुलगी बसली होती. ती काहीतरी बोलेल म्हणून मावशींनी जरा वाट पाहिली, पण ती आपल्या कपात बघत राहिली. भावाच्या बोलण्यापेक्षा तिचं न बोलणं मावशींना जास्त लागलं. आपण अजून जगणार आहोत हे या दोघांच्या हिशोबातच नाही, हे त्यांना त्या चहाच्या टेबलावर कळलं, आणि त्यांचं डोकं सणकलं.

काटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं त्यांनी वजनकाटा सांभाळला, म्हणून सगळी इमारत त्यांना काटेमावशी म्हणायची. पार्सल घेऊन आलेला माणूस छातीठोकपणे सांगायचा, पाचच किलो आहे हो. मावशी त्याच्याशी वाद घालत नसत. त्या पार्सल ठेवायच्या आणि काटा त्याच्याकडे वळवायच्या. एवढ्यावर भलेभले गप्प झालेले त्यांनी पाहिले होते.

आणि याच बाईने सहा वर्षांपूर्वी गादी घेतली ती हाताने दाबून. दुकानदार म्हणाला दाबून बघा, यांनी दाबली, मऊ लागली, घेतली. वर्षभरात मधोमध खळगा पडला. यजमान होते तोवर तो खळगा चेष्टेचा विषय होता. कितीही भांडण झालं तरी दोघंही घसरत मध्येच यायचे. यजमान गेले, खळगा राहिला. आता रोज सकाळी पलंगाची कड धरून त्यातून वर यायला त्यांना पाव तास लागायचा. पाठीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या नंतर, आधी गादी बदला. पेन्शनीतून वर्षभर बाजूला टाकलेले पैसे मावशींनी त्यासाठी काढले होते. ते फार नव्हते, पण त्यांचे स्वतःचे होते.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच निघाल्या. पिशवीत मोजपट्टी, सुतळी आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी गमतीने भेट दिलेला हुकाचा काटा.

पहिलं दुकान काचेचं होतं. तिथल्या विक्रेत्याने सात थर, गारवा देणारं जेल, पाठीचा आकार लक्षात ठेवणारा फोम अशी सगळी आरती म्हणून दाखवली. मावशींनी एवढंच विचारलं की खोळीची चेन उघडून आतले थर बघता येतील का. चेन दिसायला होती, पण उघडत नव्हती. ती नुसती शिवलेली होती. मावशी आल्या पावली बाहेर पडल्या.

मग त्या सुट्या फोमच्या गल्लीत गेल्या. तिथे दोन्ही बाजूंना पिवळे, पांढरे, राखाडी ठोकळे छतापर्यंत रचलेले होते. मावशींनी घरून अभ्यास करून ठेवला होता. फोमचा टिकाऊपणा हाताला कळत नाही. मऊ फोम टिकाऊ असू शकतो आणि कडक फोम वर्षभरात बसू शकतो. खरी गोष्ट असते घनता. चाळीसचा फोम म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळ्याचं वजन चाळीस किलो. त्यांच्या पलंगाच्या मापाचा चार इंची थर खरोखर चाळीसचा असेल तर तो सात किलो भरायला हवा. हे वाचून त्यांना केवढा आनंद झाला होता. म्हणजे गादीलाही काटा लागत होता.

गल्लीतल्या पहिल्या दोन दुकानांत चाळीसचा म्हणून दाखवलेला फोम पाच किलोही भरेना. एक दुकानदार म्हणाला, मावशी, फोम काय बटाटे आहेत का वजनावर घ्यायला. मावशींनी काटा त्याच्याकडे वळवला आणि पुढे गेल्या. तिसऱ्या दुकानात मात्र काटा सव्वासातवर जाऊन थांबला. मावशी हरखल्या. पैसे मोजले, पावती घेतली आणि थर मापात कापून घ्यायला कोपऱ्यावरच्या कारागिराकडे नेला.

हा कारागीर सगळ्या गल्लीचा फोम कापायचा. पासष्टीचा, किडकिडीत, भुवयांत फोमचा भुसा अडकलेला. त्याने थर उचलला, कड चिमटीत धरून चोळली आणि पातं खाली ठेवलं. त्याच्या बोटांना पांढरी पूड लागली होती.

"यात खडूची भुकटी भरलीय," तो म्हणाला. "वजन वाढतं, फोम नाही वाढत. दोन वर्षांत चुरा होईल. कापला की परत घेणार नाहीत, म्हणून थांबलो."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस वर्षांत काट्याने त्यांना कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी तिसरी गोष्ट केली. थर उचलून त्या दुकानात परत गेल्या. दुकानदाराने पावतीवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मावशींनी मान डोलावली, थर दुकानाच्या दारातच अंथरला आणि त्यावर मांडी घालून बसल्या. दुकानदार म्हणाला, अहो, गिऱ्हाइकांची वाट अडतेय. मावशी म्हणाल्या की फोम त्यांचा आहे, पावती आहे, आणि माणूस स्वतःच्या गादीवर बसू शकतो. येणाऱ्या प्रत्येकाला त्या बसल्या जागेवरून अगदी मायेने कड चोळून बघायला सांगत होत्या. त्यांची पाठ ठणकत होती, पण हे त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही. चौथ्या गिऱ्हाइकाने बोटं झाडली तेव्हा दुकानदाराने गल्ला उघडला.

पैसे घेऊन त्या पुन्हा कारागिराकडे आल्या. खरं म्हणजे त्या थकल्या होत्या, आणि भावाचं वाक्य डोक्यात फिरायला लागलं होतं. पाच-सहा वर्षांचीच घ्यावी, कोण धावपळ करणार. तेवढ्यात कारागिराने पेन्सिल कानावरून काढून विचारलं, "किती वर्षांसाठी हवी?"

तोच प्रश्न. पण हा माणूस तो दरवाज्याचं माप विचारावं तसा विचारत होता.

"वीस," मावशी म्हणाल्या, आणि त्याच्या चेहऱ्याकडे रोखून बघत राहिल्या.

तो हसला नाही. त्याने फळीवर वीस लिहिलं आणि कामाला लागला. खाली चाळीसचा कडक फोम, चार इंच. वर लॅटेक्स, म्हणजे रबराचा लवचीक थर. मावशींना एक इंच लॅटेक्स परवडत होता, पण त्याने नकार दिला. एका इंचातून खालचा कडकपणा कुशीला टोचणार. दोन इंच हवा. मग पैसे कुठून काढायचे? मावशींनी तयार खोळ घ्यायचा बेत रद्द केला. जाड कापड घेऊन चेनची खोळ घरी शिवायचं ठरवलं, आणि हिशोब बसला. कारागिराने स्वतः जाऊन फोम निवडला. मावशींनी तरीही तो चोळला, मुठीत दाबून सोडला, तो लगेच उसळून आला, आणि मगच काट्याला लावला. बरोबर सात. लॅटेक्सही त्यांनी दाबला. हात काढायच्या आत तो पूर्ववत झाला. रबराचा वास येत होता आणि दोनच इंचांचा थर साडेसहा किलो भरला.

"थर चिकटवू नका," कारागीर म्हणाला. "नुसते एकावर एक ठेवा. वरचा दहा वर्षांनी बदलायला लागेल, खालचा चालेल. दहा वर्षांनी या, कापून देतो."

घरी येताना टेम्पोत चालकाशेजारी बसून मावशी रडल्या. चालकाने विचारलं तर म्हणाल्या, फोमची पूड गेली डोळ्यात.

रविवारी मुलगी आणि भाऊ आले. खोळ शिवून झाली होती, थर आत सरकवायचे होते. मुलीने खालचा थर उभा केला तेव्हा तिला त्याच्या पाठीवर जाड मार्करने आईच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं. वर खरेदीच्या दिवसाची तारीख. खाली, बरोबर दहा वर्षांनंतरची तारीख आणि शब्द: वरचा थर बदलणे. तिने ते दोनदा वाचलं. मग ती आईकडे न बघता म्हणाली, "आई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." मावशी म्हणाल्या, हो, हवं होतं. आणि तिच्या हातात खोळीचं एक टोक दिलं.

भावाने गादी पंजाने दाबून बघितली आणि जरा कडक आहे, असं मत दिलं. मग त्याचीही नजर तारखेवर गेली. त्याचे ओठ हलायला लागले. तो ताईचं तेव्हाचं वय मोजत होता.

"एकोणऐंशी," मावशी म्हणाल्या. "माझं कशाला मोजतोस, तुझं मोज. लॅटेक्स जड असतो, उचलायला दोन माणसं लागतात. एक मी आहेच. तू तेवढा टिक."