एकटीची उभी बैठक

मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या ई-मेल गटात कोणीतरी लिहिलं होतं: सॉफ्टवेअर एकदम सगळं बनवू नका, थोडं थोडं बनवा, वापरणाऱ्याला दाखवा. रोज टीमने पाच मिनिटं उभं राहून सांगायचं, काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय.

मला फार पटलं. पण भेस्तानच्या या लूम कारखान्यात कॉम्प्युटरवाली मी एकटीच!

तरी आज संध्याकाळी कामांची कार्डं भिंतीवर चिकटवली, समोर उभी राहिले आणि बोलले. भिंतीशी. स्वतःचाच इतका राग आला की तडक खाली कारखान्यात गेले.

सातची पाळी बदलत होती. आमचे धुळ्याचे कारागीर भिकनभाऊ पुढच्या पाळीच्या माणसाला सांगत होते, एवढं कापड झालं, इथला धागा सारखा तुटतो, लक्ष ठेव. दोन मिनिटांत बैठक संपली. मी बघतच राहिले.

मला पाहून ते म्हणाले, "तुमनी पाळीले कोन येस, ताई?"

"कोणीच नाही."

"मंग माले सांगा."

मी सांगितलं. स्टॉकचा रिपोर्ट तीन दिवस अडलाय, तेही. त्यांना काही कळलं नसेल, पण डबा हातात धरून शेवटपर्यंत उभे राहिले.

उद्यापासून त्यांची रात्रपाळी. सातला ते मशीनवर असतील.

म्हणून विचारते, रोज सातला मी इथे तीन ओळी लिहिल्या तर कोणी वाचाल का? सल्ला नको. नुसतं "हं" लिहिलं तरी चालेल.